पाय घसरला की एक रेघ

मी प्रयोगशाळेत उंदरांचे घसरलेले पाय मोजते. हसू नका, त्याचाच पगार घेते. आडव्या सळ्यांची शिडी असते, उंदीर तिच्यावरून चालतो. पंजा सळ्यांमधून खाली गेला की कागदावर एक रेघ. यंदा आलेले उंदीर जन्मापासूनच चंचल वाणाचे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असलेल्या काही मुलांचे हातपाय का गडबडतात, ते शोधायला आणलेले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असं आमच्या मॅडम रोज बजावतात.

पण चौदा नंबरची उंदरीण पहिल्यांदा घसरली आणि मी रेघ मारायचीच विसरले. अगदी माझी लेक!

लेकीच्या हातून कप सुटायचे, शर्टाची बटणं वरखाली लागायची. मी तिचं नावच 'सांडी' ठेवलं होतं, चारचौघांत हाक मारायचे. जिभेला हाड नाही माझ्या. काचेचं काही तिच्या हाती द्यायचं नाही, असा घरात नियम. सगळ्यांना कप, तिला स्टीलचा पेला. गेल्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी, डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं. धडपडण्याचं कारण सापडलं म्हणून तिने आनंदाने मला फोन केला, तर मी म्हणाले, "वेंधळेपणाला आता इंग्रजी नाव मिळालं का?" त्यानंतर तिने फोन केला नाही.

शेवटी मीच केला. म्हटलं, ये एकदा, काहीतरी दाखवायचंय. माफी मागायची होती, पण फोनवर तोंड उघडेना.

ती आली. काचेपलीकडची शिडी बघत राहिली. चौदा नंबर घसरली, मी रेघ मारली.

"चुकली की काय करतेस?" तिने विचारलं.

"काही नाही. थांबते. तिची ती सावरते."

"ओरडत नाहीस?"

"छे गं! या खोलीत आवाज चढवायची सोय नाही. ओरडलं की बिचारी घाबरते, मग जास्तच घसरते."

बोलून गेले आणि जीभ चावली. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, माझेही भरले. चुकलं माझं, एवढे दोनच शब्द होते. तेवढेही मला जमले नाहीत. त्याऐवजी म्हणाले, "चल, चहा घेऊ."

बाहेरच्या खोलीत मी चहा ओतला. मला कप, तिला स्टीलचा पेला. देवाशपथ सांगते, मुद्दाम नाही. हात आपोआप गेला.

तिने पेला दोन्ही हातांनी धरून चहा संपवला, विसळला, पालथा घातला.

"एक थेंबही सांडला नाही, आई. नोंद कर."

पर्स उचलून ती निघाली. दाराशी तिचा पाय उंबऱ्याला अडखळला.

"सावकाश गं, बाळा," मी म्हणाले, आतल्या खोलीत बोलते तशी, अगदी हळू.

तिला ते ऐकूच गेलं नाही.