अठ्ठावीस उताणे

नालखेकडा हा खेकडा नव्हेच. विंचवाच्या नात्यातला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, मागे दाभणासारखी लांब शेपूट. डायनासोरच्याही आधीपासून समुद्रात आहे आणि त्याचं रक्त निळं असतं. ही माझी थाप नाही. थापा पुढे येतील.

माझी भाची उत्तरा समुद्रापेक्षा खोल वसलेल्या डच मुलखात, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते आणि समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. टोचायच्या औषधात जंतूंचं विष उतरलेलं नाही ना, हे या निळ्या रक्ताने तपासतात. तेच काम कारखान्यात बनवलेल्या प्रथिनानेही होतं, हे सिद्ध करायला अमेरिकेहून एकतीस जिवंत नालखेकडे आणले होते. तुलना झाली की त्यांना परत त्यांच्या किनाऱ्यावर सोडायचं. पण पहिल्यांदा रक्त काढलं तेव्हाच तीन मेले. उरलेले अठ्ठावीस थकून टाकीच्या तळाशी बसलेले, आणि तिचा साहेब वाउटर म्हणत होता, आकडे कमी पडतात, गुरुवारी पुन्हा काढू.

"गुरुवारी काढलं तर निम्मे मरतील, मामा," मी तिच्याकडे पाहुणा होतो तेव्हा, मंगळवारी सकाळी डबा भरताना ती म्हणाली. "आणि ते ज्या किनाऱ्यावरून आणलेत ना, तिथे त्यांच्या अंड्यांवर हजारो मैल उडून आलेले पक्षी जगतात. अंडी कमी, तसे पक्षीही कमी."

"मग सांग की त्याला."

"सांगितलं. म्हणाला, डेटा दाखव. मी म्हटलं, मेल्यावर दाखवते."

दाराशी तिची एक चप्पल उलटी पडली होती. मी पायाने सरळ केली. घरात उलटी चप्पल म्हणजे भांडण, एवढं शास्त्र मला येतं. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी म्हणालो, "आज मीही येतो."

वाउटर भला माणूस. दुपारी पावाचे दोन तुकडे, चीज आणि ग्लासभर दूध घेऊन माझ्यासमोर बसला. मी त्याला चपलेचं सांगितलं.

"मला तीन मुलं आहेत," तो हसला. "माझ्या घरी मग रोज युद्ध व्हायला हवं."

"चप्पल किरकोळ हो. आमच्या कोकणात हा तुमचा प्राणी उताणा पडला आणि त्याची शेपूट बंधाऱ्याकडे झाली, की तीन दिवसांत समुद्र गाव बघायला येतो. माझ्या आजोबांचं गाव असंच गेलं. देऊळ शाबूत आहे, पण आरतीला पोहत जावं लागतं."

माझा जन्म सोलापूरचा. आजोबांनी समुद्र कॅलेंडरवर पाहिला होता. वाउटर हसला खरा, पण घास तोंडातच राहिला.

बाहेर आल्यावर उत्तराने माझं कोपर धरलं. "मामा, थापा मारायला दुसरं कोणी नाही मिळालं? तो माणूस समुद्राच्या पातळीखाली चार मीटरवर झोपतो!"

"म्हणून तर त्यालाच मारली."

ती मीटिंगला गेली. मी बाह्या सरसावल्या आणि टाकीत हात घातला. पाणी बर्फासारखं. चार नालखेकडे उलटे केले, शेपट्या खिडकीबाहेरच्या डाइककडे, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या त्यांच्या बंधाऱ्याकडे वळवल्या. पोटाखालचे कल्ले वहीच्या पानांसारखे फडफडत होते. मला जरा वाईट वाटलं. अर्ध्या तासात वाउटर बघेल, घाबरेल, मग सरळ करू, असा हिशेब करून मी कॉफी प्यायला गेलो.

परत आलो तर उत्तरा टाकीपाशी उभी होती. "हे तू केलंस?"

"चार केले."

"हे अठ्ठावीस आहेत, मामा."

सगळे उताणे. अठ्ठावीस शेपट्या एकाच दिशेला, डाइककडे. पंपाच्या घरघरीशिवाय आवाज नाही.

"सरळ कर आधी, मरतील असे! आणि शेपटीला धरू नकोस, दोन्ही बाजूंनी उचल." देवळाबाहेरच्या चपला लावाव्यात तसे आम्ही ते एकेक सुलटे करत गेलो. पण प्रत्येक जण शेपूट तळाला टेकवायचा, अंग उचलायचा आणि पुन्हा पाठीवर पडायचा. हा प्राणी शेपटीने सरळ होतो. मुद्दाम उलटा होताना त्याला कोणी पाहिलेलं नाही.

तेवढ्यात वाउटर आत आला. त्याने उत्तराला विचारलं, "तुझ्या मामांनी केलं हे?"

हो म्हणाली, तर गुरुवार ठरलेला. नाही म्हणाली, तर ती खोटी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "चार त्यांनी केले. बाकीचं कॅमेऱ्यात बघ."

आम्ही तिघांनी पाहिलं. मी चोरासारखा येतो, चार उलटे करतो, जातो. दहा मिनिटं काही नाही. मग डाइकच्या बाजूचा पहिला हलतो. मग त्याच्या मागचा. घाई नाही, धडपड नाही.

"वाउटर," मी म्हणालो, "ती कोकणातली गोष्ट मी बनवली होती. आमच्याकडे असं काही नसतं."

"मग यांना कोणी सांगितली?"

मी काही बोलायच्या आत त्याने डाइकची देखभाल करणाऱ्या कचेरीत फोन लावला. बोलणं डचमधून, ते उत्तरा मला हळूच मराठीत सांगत होती. विचारतोय, आमच्या इथे सगळं ठीक ना. मग तिकडच्या बाईने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? सकाळपासून डाइकच्या आतल्या पायथ्याशी वाळूसकट पाणी वर येतंय, बांध खालून पोखरला जातोय. माणसं कामाला लागली आहेत. अजून कोणाला कळवलेलं नाही.

वाउटरने फोन ठेवला आणि गुरुवारचा कागद फाडला. "उत्तरा, ट्रक मागव. उंचावर नेऊ. तिथून त्यांच्या घरी पाठवू. रक्त बास."

ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही अठ्ठावीस जीव खोक्यांत भरले. तासाभराने, बऱ्याच आत एका टेकाडावरच्या गोदामात झाकणं उघडली. उत्तरा मोजत गेली, मोजता मोजता रडत गेली. सगळे जिवंत. सगळे आपले आपण पालथे होऊन पायांवर बसलेले.

वाउटर बघायला आलाच नाही. तो दाराशी पाठमोरा उभा राहून बायकोला फोनवर सांगत होता, सामान राहू दे, मुलांना घे आणि आत्ताच्या आत्ता नीघ.