आठल्यांचा तळहात

"वेणी, हात नळीवर ठेवलायस की नुसता टेकवलायस?"

आनंदीबाईंनी खालून विचारलं. मांडीवर सूप, सुपात तांदूळ आणि नजर वर. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या अंगणात मधोमध बांबूचं मचाण उभं होतं. मचाणावर एक फळी, फळीवर एकाहत्तर वर्षांचा वेणीमाधव आठल्ये, आणि त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये शंभर फूट जमिनीत गेलेल्या लोखंडी नळीचं उघडं तोंड.

"ठेवलाय, बाई."

"मग तोंड असं का? चौथीत पाढे म्हणायला उभा केला की असंच करायचास."

वेणीमाधवने तोंड सरळ केलं. बासष्ट वर्षांपूर्वी बाईंनी त्याला शिकवलं होतं आणि अजून त्यांची शिकवणी संपली नव्हती. आता त्यांच्या घरी नऊ वेदपाठी पोरं जेवायला-राहायला होती, आणि नळाला महिनाभर असं पाणी येत होतं की पोरं आचमन करताना डोळे मिटून घेत.

खाली लल्लन आणि त्याचे दोन भाचे नळीला तरफेसारख्या बांधलेल्या लांब बांबूवर जोर टाकत होते. बांबू खाली गेला की नळी वर यायची, तेव्हा वेणीमाधवने तळहाताने तिचं तोंड गच्च दाबायचं. बांबू सुटला की नळी दाणकन खाली, तेव्हा हात उचलायचा. मग नळीच्या तोंडातून चिखल उसळून अंगावर. पुन्हा दाबायचं, पुन्हा उचलायचं. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून शेणकाला ओतत राहायचा. झालं. मोटार नाही, मशीन नाही. त्याची मुलगी मैत्रेयी मशीनची गाडी घेऊन शहराबाहेर दिवसाला दोन-दोन बोअर मारायची, पण ती गाडी दूधविनायकात आणायची तर आधी दूधविनायक उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं. गल्लीत एक बैल आडवा बसला तर टपालवाला परत जातो.

सगळी मेख त्या तळहातात होती. चिखल वर यायला वेळ लागतो, तोवर नळी भलत्याच थरात गेलेली असते. हाताला मात्र लगेच कळतं. वाळू असली तर नळी हात हलकाच ओढते. चिकणमाती असली तर वासरासारखी चोखते. या भागात वरच्या वाळूतलं पाणी गटारांच्या शेजारी वाढलेलं. त्याखाली चिकणमातीचा जाड थर, त्याच्याखाली पुन्हा वाळू आणि तिथलं पाणी चांगलं. पाणी गाळून घेणारी जाळी बसवायची ती तिथे. पण वरच्या वाळूतही चिकणमातीच्या पातळ चकत्या असतात. चकतीला थर समजून वर जाळी बसवली की गिऱ्हाईक गटार पितं.

आठल्ये कधी फसत नाहीत, अशी ख्याती. आजोबा नीलकंठ कोकणातून ब्रह्मा घाटावर वेद शिकायला आले. त्यांचा स्वर असा की पहिल्या दिवशी घाटावरची कबुतरं पलीकडे रामनगरला राहायला गेली, आणि गुरुजींनी त्यांना पाणी भरायच्या कामावर लावलं. एकदा कुणाच्या तरी बागेत बोअर चालला होता, तिथे त्यांनी गंमत म्हणून नळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खाली चिकणमाती, मग वाळू, मग एक तांब्या." चिकणमाती निघाली, वाळू निघाली, तांब्याही निघाला. तो अजून दुकानात आहे. त्याच्या बुडाला मिर्झापूरच्या कारखान्याचा शिक्का आहे आणि तो कारखाना नीलकंठशास्त्री वारल्यावर निघाला, पण एवढं वाकून बघतो कोण? वडील सुमंत तर नळीवर हात ठेवून गंगेला प्रयागात किती पाणी चढलंय ते सांगत, आणि ते खोटं ठरवायला प्रयागला कोणी जात नसे.

दुकानाच्या भिंतीवर तिघांचे शेंदरी तळहात उमटवलेले होते, प्रत्येकाच्या पहिल्या बोअरच्या दिवशी. परगावचे यात्रेकरू त्याला हस्तसामुद्रिकाचं दुकान समजून आत शिरत. वेणीमाधवने काहींचे हात बघितलेही होते. सगळ्यांना जलयोग सांगितला.

आणि दोन वर्षांपासून त्याच्या स्वतःच्या उजव्या तळहाताला काही कळत नव्हतं.

साखरेचा आजार जुना. एका सकाळी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बायकोला, शरदिनीला, नीलकंठशास्त्र्यांची गोष्ट सांगत होता, तेव्हा ती म्हणाली, "अहो, काही जळतंय का?" जळत होता त्याचा हात. तव्यावर टेकला होता. त्याने हात उचलला, गोष्ट पुरी केली, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ नळाखाली धरून उभा राहिला. पाणी गार आहे की कोमट, तेही कळेना.

पण गंमत अशी की त्यानंतरचेही बोअर बरोबर निघाले. एक नाही, अकरा. फळीवर बसून तो काहीच न कळणारा हात दाबत राहायचा आणि अचानक त्याला आतून वाटायचं, आता. तो थांबा म्हणून हात वर उचलायचा, जाळी बसायची, पाणी नितळ. आपल्याला कळत नसलं तरी हाताला कळतं, असं त्याने स्वतःलाच सांगून टाकलं. इतरांना थापा मारण्यात आयुष्य गेलेलं, एक स्वतःला मारली.

बारावा फसला. एका धर्मशाळेचा. सहा महिन्यांत पाण्याला वास आला, तिथला म्हातारा पहारेकरी पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. वेणीमाधवने खापर नळीच्या जोडांवर फोडलं. पहारेकरी वाचला, वर वेणीमाधवलाच हात जोडून म्हणाला, "आपकी क्या गलती, पंडितजी." तेव्हापासून वेणीमाधवला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना पाटावरून उठायचा. देवळात प्रदक्षिणा मोजायला विसरायचा.

"वेणी, चहा घे."

"नको, बाई."

"मग पाणी घे. आमच्याच नळाचं आहे, म्हणजे मन लावून काम करशील."

लल्लन खाली हसला. गेली चाळीस वर्षं तो त्या बांबूवर होता. त्याच्याआधी त्याचा बाप, त्याच्याआधी आजा. एवढ्यात लल्लनच्या खिशातला फोन वाजला. त्याने बांबू सोडला, फोन ऐकला आणि मान वर केली.

"पंडितजी, नतिनी भइल बा. बिटिया के यहाँ. हम जरा हो आवें?"

"अरे जाओ, जाओ. महादेव. लड्डू लाना."

लल्लन नात बघायला गेला. भाच्यांनी शेजारच्या एकाला बांबूवर घेतलं आणि काम चालू राहिलं. आणखी दहा फूट. पंधरा फूट. वेणीमाधव हात दाबत होता, उचलत होता. 'आता' काही येईना. एकदा वाटलं आलं, पण ते पोटातून आलं होतं. फळीवर त्याने चार वेळा बैठक बदलली. चिखल चिकट येऊ लागला. थर की चकती? भाच्यांनी वर पाहिलं.

"गुरू, चिकनी मिट्टी है. आगे जाली उतारें?"

वेणीमाधवने नळीवर हात तसाच दाबून धरला. धर्मशाळेच्या बोअरच्या दिवशी काय झालं होतं ते त्याला आठवायला लागलं. त्या दिवशी लल्लन नव्हता. पुतण्याच्या लग्नाला गाझीपूरला गेला होता.

मग उरलेलंही आठवलं. लल्लनचं खाकरणं. घसा साफ करायचा, मग पानाची पिंक टाकायचा. कितीदा त्याच्यावर ओरडला होता तो, की गिऱ्हाइकाच्या अंगणात थुंकू नको. आणि प्रत्येक वेळी त्या खाकरण्यापाठोपाठ त्याला आतून वाटलं होतं, आता.

"काम बंद," तो म्हणाला आणि मचाणावरून उतरू लागला.

"बंद?" बाई सूप ठेवून उठल्या. "आणि पोरांनी आज काय प्यायचं?"

"उद्या, बाई. मी येतो."

"कुठे निघालास?"

तो सांगायला थांबला नाही.

लल्लन त्याला शिंदे घाटावर सापडला. नात बघून आला होता आणि भावाच्या नावेत बसून नावाड्यांना लाडू वाटत होता. वेणीमाधव चिखलाने माखलेला, पायऱ्या दोन-दोन उतरत आलेला.

"लल्लन, तू खाँसता क्यों है?"

"पान खाते हैं, गुरू."

"झूठ मत बोल."

लल्लनने एक लाडू त्याच्या उजव्या हातावर ठेवला. वेणीमाधवने मूठ मिटली ती जरा जास्तच, आणि लाडवाचा भुगा बोटांतून पायरीवर पडला. लल्लन त्या भुग्याकडे बघत राहिला.

"कबसे मालूम है तुझे?"

"जबसे आपने गरम चाय का गिलास ऐसे पकड़ा जैसे ठंडाई हो." लल्लनने हात धोतराला पुसले. "बाँस बताता है, पंडितजी. मिट्टी पकड़ती है तो बाँस भारी. बालू आया, बाँस हल्का. कंधे को पता चलता है. इसमें कौन बड़ी बात है."

"पहले बताना था."

"का बताते? आप ऊपर बैठे थे."

नाव थोडी हलली. वेणीमाधवला बसावंसं वाटेना, उभंही राहवेना.

"मेरे बाबूजी के वक्त?"

"उनका हाथ पक्का रहा. आखिर के चार-छह साल छोड़ के. तब हमरे बाबू खाँसते रहे."

"और दादाजी?"

लल्लनने गंगेकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मोठ्या दयेने म्हणाला, "उनका हमको नहीं मालूम. आजा कभी बोले नहीं. लेकिन आजा को खाँसी बहुत थी."

वेणीमाधव हसला. हसता हसता तो पायरीवर बसला आणि मग कितीतरी वेळ उठला नाही. लल्लनने दुसरा लाडू काढला आणि या वेळी त्याच्या डाव्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाई सूप घेऊन बसायच्या आत वेणीमाधव त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"हाताला कळत नाही काही. दोन वर्षं झाली. लल्लनला येतं. लल्लनच सांगत होता."

बाईंनी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. मग त्याचा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, तव्याचा जुना डाग बघितला, चिमटा काढला. वेणीमाधव तसाच उभा.

"येत नसेल तर हात वर करू नये," त्या म्हणाल्या, "एवढं चौथीतच सांगितलं होतं तुला." पण हात सोडला नाही लगेच. "त्या धर्मशाळेवाल्याला सांगितलंस?"

"इथून तिकडेच जाणार. त्यांचा बोअर पुन्हा मारून देतो."

"आधी माझा."

लल्लन मचाणावर चढायला तयार होईना. आपण वर आणि पंडितजी खाली, गल्ली काय म्हणेल, अशी त्याची अडचण. वेणीमाधवने गल्ली काय म्हणेल ते त्याला बनारसी भाषेत सविस्तर सांगितलं, तेव्हा तो चढला. फळीवर मात्र आठल्ये तीन पिढ्यांत कधी बसले नसतील अशा ऐटीत बसला, आणि दोन्ही पाय हलवू लागला.

वेणीमाधवने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि बांबूवर भाच्यांच्या मध्ये जागा घेतली. पहिल्या दहा खेपांतच दम लागला. वरून चिखल त्याच्या टकलावर पडला, कानामागून मानेवर ओघळला. भाचे हसले, तोही हसला.  बांबू जड होता. खाली ओढताना कुणीतरी तळातून धरून ठेवल्यासारखा. पाच फूट. आठ फूट. तो जडपणा दंडात उतरला, खांद्यात बसला, बसूनच राहिला. म्हणजे चकती नव्हे. थर. खांद्याने ते त्याला सांगितलं, आणि दोन वर्षांनी त्याला कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

बाईंच्या सुपातला आवाज थांबला होता. दारात वेदपाठी पोरं रिकाम्या कळश्या घेऊन उभी होती.

लल्लन वर हात दाबत होता, उचलत होता. त्याला बहुधा कळलं होतं.  तो मान दुसरीकडे वळवून कबुतरं बघत राहिला.

मग एका खेपेला बांबू हातातून अलगद सुटल्यासारखा हलका झाला. वेणीमाधवने अजून एकदा ओढून बघितलं. हलका. त्याने अजून एकदा बघितलं.

आणि घसा साफ केला.

वर लल्लनने थांबा म्हणून हात उचलला.