धाकूच्या नावाची बाटली

"जोडी शोध, पोरी. एकटा कुणी भेटला तर पुढं जा."

अण्णांचा तो आवाज अजून कानात आहे. ठाण्याच्या तलावामागं त्यांची लहानशी लॅब. थुंकीचा पातळ थर काचेवर पसरायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, स्पिरिटनं धुवायचा, हे सगळं मी तिथंच, त्यांच्या हाताखाली शिकले. न्युमोनियाचे जंतू दोघं दोघं बसतात. टोकं ज्योतीसारखी निमुळती, भोवती कोरी कडा, आणि धुतले तरी जांभळेच. गुलाबी, जाड काड्या दिसल्या तर जात निराळी, इंजेक्शनही निराळं.

अण्णा गेले, लॅब माझ्याकडं आली. अठ्ठ्याऐंशीच्या माघात बाळकुमची रतन पदराखाली थुंकीची बाटली धरून आली. नवरा धाकू खाडीत जाळं टाकणारा. पाच दिवस तापानं फणफणत होता.

"डाक्टर म्हनतात, जंतू कलल्याबिगर सुई बदलाची नाय."

मी काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गालाच्या आतल्या पसरट पेशी तेवढ्या. पू नाही, जोडी नाही. हे छातीतलं नव्हतंच.

"खोकून काढलंय ना? नुसती थुंकी नको."

"खोकूनच, बाय."

"रंग कसा पडतो? न्युमोनियात गंजासारखा पडतो."

"नाय नाय. पांढरा."

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळीही तेच. बाटली मात्र राखेनं घासून लख्ख.

"अगं, तुझा नवरा खोकतो की नुसता फुंकर मारतो?" मी वैतागले.

रतन हसली नाही. "नखं निली परलीत त्याची."

माझे हात थांबले. "मग त्यालाच आण. माझ्यासमोर खोकू दे."

"उठवत नाय त्याला."

"तर मी येते बाळकुमला. चल." मी कोरी बाटली पिशवीत टाकली.

ती दारात आडवी आली. "नको, बाय. शेजारीन बघंल."

"बघू दे! जंतू न कळता माणूस गेला, म्हणजे मग काय करशील?"

ती उंबऱ्यावरच बसली. पदराचा बोळा तोंडाशी धरून, जमिनीकडं बघत अखेर म्हणाली,

"ती थुंकी माझी हाय, बाय. तीनी दिसांची. त्याचे खाकऱ्यान रगत दिसतं. मना वाटलं टीबी निघंल, गाव आमाला पानी भरू देनार नाय. म्हनून त्याचा खाकरा मी रोज चुलीन टाकते."