डावा पाय

सरांच्या दारावर पाटी होती : प्रत्येक सायकलपटूसाठी स्वतंत्र प्रशिक्षण. ती वाचूनच शिवणवाली त्यांच्याकडे गेली होती. कपडे बेतण्यात दहा वर्षं गेलेली, त्यामुळे मापाशिवाय काम करणाऱ्या माणसावर तिचा भरवसा नसे. सरांनी मात्र तिचं माप नीट घेतलं. लहानपणी मोडलेली डावी नडगी दाबून पाहिली, दुकानाच्या वेळा विचारल्या, आणि दर आठवड्याचं वेळापत्रक तिच्या फोनवर येऊ लागलं. तीन महिन्यांत डावा पाय उजव्याच्या बरोबरीला आला. सरांकडेच शिकणारी, इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे असणारी नर्स तिच्या मागे पडू लागली. संघात बायकांसाठी जागा एकच होती, निवड रविवारी होती, आणि शिवणवालीला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

बुधवारी नर्स दुकानात आली. तिची शर्यतीची जर्सी सैल झाली होती, बाजूंनी आत घ्यायची होती.

"किती वाळलीस गं," टाचण्या लावता लावता शिवणवाली म्हणाली.

"वाळणारच. गुरुवारी माझी दुहेरी ड्युटी, आणि सरांचा लांब पल्लाही नेमका गुरुवारीच. म्हटलं, शुक्रवारी करू का? तर म्हणाले, तुझ्या शरीराला गुरुवारच मानवतो."

शिवणवालीचा हात थांबला. गुरुवारी तिचं दुकान बंद असायचं.

"आणि डावा पाय?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं? एकट्या डाव्या पायाने पॅडल मारायचं, वीस मिनिटं, चार वेळा. माझा डावा कच्चा आहे म्हणे. मला कधी जाणवलं नव्हतं बाई. आता मात्र गुडघा असा ठणकतो की जिना चढवत नाही. म्हणजे सरांचंच खरं."

शिवणवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रविवार चार दिवसांवर होता. तिने उरलेल्या टाचण्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सराव बाजूला ठेवून ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"चौदा जणांना चौदा वेळापत्रकं कुठून आणू?" सर शांतपणे म्हणाले. "तुझं मनापासून केलं होतं. चांगलं जमलं, म्हणून बाकीच्यांनाही तेच दिलं."

"नर्सचा गुडघा ठणकतोय, सर."

"तुझा पाय सुधारला ना? रविवारी तुझी जागा पक्की आहे. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

ती उठून बाहेर आली. एकाच्या मापाने चौदा जणांचे कपडे बेतणाऱ्या शिंप्याला गिऱ्हाइकांनी फैलावर घेतलं असतं. इथे माणसं दुखरे पाय घेऊन सरांचे आभार मानत होती, आणि सरांना त्याची ना लाज ना शरम. तीन महिने ज्या जिंकण्याने ती फुशारली होती, तेही त्यांनी नासवून टाकलं होतं. दोन दिवस ती कापड कापताना एकटीच पुटपुटत राहिली.

रविवारी सुरुवातीच्या रेषेपाशी सगळे जमले. शिवणवालीने सायकल आडवी टाकली आणि डाव्या पायातला मोजा खाली केला.

"ही नडगी मोडली होती, म्हणून मला डाव्या पायाचा सराव. गुरुवारी माझं दुकान बंद, म्हणून लांब पल्ला गुरुवारी. तुमच्यापैकी आणखी कोणाला डावा पाय आणि गुरुवार आहे?"

आधी एक हात वर झाला, मग दोन, मग सगळेच. सर लाल झाले. त्यांनी खिशातली यादी काढली आणि तिच्यासमोरच तिचं नाव खोडलं. एवढं होणार हे ती धरूनच आली होती. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

नर्स लंगडत तिच्यापाशी आली. गुडघ्याला जाड पट्टी होती.

"तुला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"मी दुकानात आले होते तेव्हा?"

"हो."

नर्सने गुडघ्याच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाली, "गुरुवारी ड्युटी करून मी चार तास सायकल चालवली. त्यातच हा गुडघा कामातून गेला."

शिवणवाली मोजा वर ओढायला खाली वाकली, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.