इतिवृत्त कायम करणे

नॉर्मंड टिबोने कागदांसाठी हात पुढे केला, तेव्हा अल्डोना मटुलिसने ते टेबलावरून उचलून आपल्या मांडीवर ठेवले.

"दे की. नुसती नजर टाकतो," तो म्हणाला.

"वाचणारच आहे. सगळ्यांबरोबर ऐक."

"बावीस वर्षांत मला आधी न दाखवता कधी वाचलं नाहीस."

"आज वाचते."

नॉर्मंडने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं, मग खांदे उडवून तो अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. चर्चच्या तळघरात शनिवारच्या सभेला एरवी दहा-बारा टाळकी जमत. आज खुर्च्या कमी पडल्या होत्या. भिंतीशी उभे राहिलेले लोक कागदी पेल्यांतून कॉफी पीत होते, आणि बुटांना लागून आलेल्या बर्फाचं पाणी फरशीवर पसरलं होतं.

गर्दीचं कारण टेकडीच्या पायथ्याशी होतं. तिथलं बोलिंगचं सभागृह सहा वर्षं बंद पडून होतं आणि आता त्या जागी एका बिल्डरला पाच मजली इमारत बांधायची होती. साठ घरं. पुढच्या आठवड्यात शहराच्या नियोजन मंडळापुढे सुनावणी होती. टेकडीवरच्या फोर्ज हिल रहिवासी संघाने आपलं मत पत्राने कळवायचं होतं, आणि त्या पत्राला फेब्रुवारीच्या सभेचं इतिवृत्त जोडायचं होतं. सभेने कायम केलेलं.

फेब्रुवारीची सभा संघाच्या दृष्टीने विजयाची होती. बिल्डरचा माणूस नकाशे घेऊन आला होता. दोन तास त्याला लोकांनी फाडून खाल्लं. शेवटी नॉर्मंडने त्याच्याकडून कबूल करून घेतलं की बावीस घरं तीन बेडरूमची आहेत, ती काढून टाकायची आणि सगळी इमारत एका बेडरूमच्या घरांची करायची. मग संघाची हरकत नाही. टाळ्या वाजल्या. लोक खुशीत घरी गेले.

त्याच संध्याकाळी अल्डोनाने नेहमीसारखं इतिवृत्त लिहून टाकलं होतं. 'वाहनतळ, रहदारी व शाळेवरील भार यांबाबत सदस्यांनी चिंता व्यक्त केली. साधकबाधक चर्चेअंती सर्वमान्य तोडगा निघाला.' एक पान. यात तिचा हातखंडा होता. एकतीस वर्षं तिने शाळेच्या कचेरीत काढली होती आणि तिथे शिकलेली लघुलिपी अजून बोटांत होती. सभेत उच्चारलेला शब्द न् शब्द ती वहीत टिपून घेई आणि घरी येऊन त्यातला बहुतेक गाळून टाकी. नॉर्मंड म्हणायचा, "आपण भांडतो बाजारात भांडल्यासारखे, आणि अल्डोनाच्या कागदावर सगळे बिशप होतो."

ते एक पान तसंच राहिलं असतं. पण सभेनंतर दोन दिवसांनी तिच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, अबेना, जिना उतरून खाली आली. ती घानाची. वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला होती आणि तिथला निळा गणवेश अजून अंगावरच होता. मागच्या दारात उभी राहून तिने विचारलं,

"आँटी, त्या मीटिंगचा कागद मला बघायला मिळेल?"

अल्डोनाने दिला. अबेनाने तो उभ्यानेच वाचला, ओळींवरून बोट फिरवत. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. मग पान उलटून पाठची कोरी बाजू पाहिली.

"बाकीचा कुठे आहे?"

"एवढाच असतो."

"मी होते तिथे, आँटी. शेवटच्या रांगेत. दोन्ही मुलं होती माझ्याबरोबर."

"मी पाहिलं होतं तुला."

"मग हा कुठल्या मीटिंगचा आहे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर अल्डोनाला उत्तर देता आलं असतं. तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडीच बशी पुसायला घेतली. अबेनाने कागद टेबलावर ठेवला, त्याचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि ती वर गेली. वर दार लागल्याचं ऐकू आलं. त्यानंतर काहीच नाही. अल्डोना बशी हातात धरून कितीतरी वेळ छताकडे कान देऊन उभी होती. दोन मुलांचं घर ते. त्या सभेच्या दिवसापासून त्यांच्या पावलांचा आवाज खाली आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने लघुलिपीची वही काढली आणि टाइप करायला बसली. चार दिवस लागले. सात पानं झाली.

"मागील सभेचं इतिवृत्त," नॉर्मंडने टेबलावर बोटं आपटली. "सचिव वाचतील. थोडक्यात, अल्डोना."

अल्डोना उभी राहिली. तिने चष्मा लावला आणि शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात सुरुवात केली. उपस्थिती, नकाशांची माहिती, कोणी काय विचारलं. पहिल्या पानावर लोक आपापसांत बोलतच होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती वाचत गेली,

"श्रीमती रोझमेरी किओहान म्हणाल्या, 'तीन बेडरूम म्हणजे एका दारामागे आठ माणसं. दारावर नाव एकाचं आणि आत अख्खं गाव.'"

कुजबुज थांबली. पहिल्या रांगेतल्या रोझमेरीने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"मी असं म्हटलेलं नाही!"

अल्डोनाने वही उघडून तिच्यापुढे धरली. "हे बघ."

"या गांडुळांतलं मला काय कळणार? काहीही असेल!"

"तुझ्या शेजारी स्पिरो बसला होता. त्याला विचार."

कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक स्पिरो ढिमा आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखा बघत होता. "म्हणालीस तू, रोझी," तो म्हणाला. "आणि मी हसलो. तेही लिहिलंय का?"

"पुढच्याच ओळीत आहे."

भिंतीजवळून एक म्हातारा खाकरला. "तुम्ही स्वतः नऊ भावंडं होतात की गं, रोझमेरी. त्या हिरव्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती!"

"हो, तेव्हा ती तुमची होती."

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले, कारण अल्डोना पुढे वाचू लागली होती आणि आपलं नाव कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती कोणाकडे पाहत नव्हती. एकेका नावाबरोबर एकेक मान खाली जात होती. कोणी मसाल्यांच्या वासाबद्दल बोललं होतं, कोणी रात्री-अपरात्री कामावरून परतणाऱ्या माणसांबद्दल, कोणी 'तसल्या' मुलांबरोबर आपल्या नातवंडांना बसावं लागेल याबद्दल. बोलताना ते एकेकट्याचं होतं आणि हवेत विरून गेलं होतं. आता ते एकापाठोपाठ एक येत होतं.

"अध्यक्ष नॉर्मंड टिबो म्हणाले, 'एक बेडरूम म्हणजे एक म्हातारी आणि एक मांजर. मांजराला शाळेत घालावं लागत नाही.' सभेत हशा."

आज हशा झाला नाही. नॉर्मंडच्या मानेवर लाली चढली. तो अग्निशमन दलातून निवृत्त झाला होता. टेकडीवरच्या निम्म्या घरांत तो कधी ना कधी शिडी लावून शिरला होता, आणि त्याला कोणी आवाज चढवून बोलत नसे.

"ते गमतीत होतं."

"लिहिते. गमतीत." अल्डोनाने खरंच लिहून घेतलं.

"अल्डोना, पुरे. हा कागद मंडळापुढे जायचाय. उद्या पेपरात छापून आला, तर टेकडीची अब्रू जाईल."

"बोललो तेव्हा गेली नाही ती?"

नॉर्मंड खुर्चीतून पुढे झुकला. आवाज खाली आणून, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने, तो म्हणाला, "वायटस गेला त्या हिवाळ्यात तुझ्या पायऱ्यांवरचा बर्फ कोणी काढला?"

तिने चष्मा काढला. नवऱ्याचं नाव या तळघरात निघेल असं तिला वाटलं नव्हतं. क्षणभर तिला कागदावरची जागा सापडेना.

"तू काढलास," ती म्हणाली. "एक दिवस चुकला नाहीस. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याबद्दल मी तुला खोटा कागद देणं लागत नाही, नॉर्मंड."

"मग सगळ्यांचीच धुणी धूत बसलीयस, तर स्वतःचं काय?" रोझमेरी उभीच राहिली. "तू काय तोंडाला कुलूप लावून बसली होतीस त्या दिवशी? मला चांगलं आठवतंय!"

"शेवटच्या पानावर आहे. बस खाली, येतंय."

तिने चष्मा पुन्हा लावला आणि मधलं काही न गाळता त्याच आवाजात शेवटच्या पानापर्यंत आली.

"सचिव अल्डोना मटुलिस म्हणाल्या, 'मला विचारा ना, माझ्या डोक्यावर दोन नाचतात. ही उंदरांसारखी असतात, एकदा घरात शिरली की निघत नाहीत.' सभेत हशा. टाळ्या. त्यानंतर ठराव एकमताने संमत झाला."

तिने पानं टेबलावर ठोकून सारखी केली. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत निळा गणवेश होता. अबेना आत आली तेव्हाच अल्डोनाने तो पाहिला होता. आता तिकडे पाहायला तिला मान वर करावी लागली, आणि ती तिने केली.

"हे मी बोलले. मागे घेते," ती म्हणाली. "पुसून नाही टाकत, मागे घेते. आणखी कोणाला मागे घ्यायचं असेल तर उभं राहून सांगा. मागे घेतलं असंही लिहीन. पण बोललाच नाहीत, असं मी लिहिणार नाही. तसा सचिव हवा असेल तर दुसरा शोधा. हे घ्या."

तिने पेन टेबलाच्या मधोमध ठेवलं. चाळीस माणसं त्या पेनाकडे पाहत राहिली.

"माझं वाक्य वगळा, एवढंच म्हणणं आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "बाकीचं राहू दे."

"माझंही."

"सगळ्यांचंच वगळलं तर राहतं काय?" स्पिरो उठला. टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती. "बेकरीत रोज सकाळी पाव घ्यायला येतात ती माणसं. मी त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणतो आणि इथे येऊन हसतो. असू दे लिहिलेलं. इतिवृत्त आहे तसं कायम करावं, माझी सूचना."

"अनुमोदन," भिंतीजवळचा म्हातारा म्हणाला.

हात वर झाले. नॉर्मंडने ते दोनदा मोजले. बाजूने एकोणीस, विरुद्ध सतरा. रोझमेरीने कोणत्याच बाजूने हात वर केला नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती, जिथून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत.

"कायम," नॉर्मंड म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द दाताखाली खडा आल्यासारखा आला. "पत्राचं काय ते पुढे बघू. सभा संपली असं..."

"मला काही विचारायचंय," अबेना म्हणाली.

आता मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं. ती उभी होती. उंचीने बेताची, खांद्याला कामावरची पिशवी.

"बाई, हा घरमालकांचा संघ आहे," नॉर्मंड म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही, थकून बोलला. "भाडेकरूंना मत नसतं."

"मत नसतं," अल्डोना म्हणाली आणि तिने टेबलावरचं पेन उचललं. "प्रश्न विचारू नये असं कुठल्या नियमात आहे ते दाखव. विचार, अबेना."

"फेब्रुवारीत मी तेवढ्यासाठीच आले होते. तेव्हा राहून गेलं." अबेनाने पिशवीचा पट्टा सावरला. "ती तीन बेडरूमची घरं होणार आहेत, त्यासाठी नाव कुठे नोंदवायचं?"



"ती घरं आता होणार नाहीत," नॉर्मंड म्हणाला.

"का?"

"रद्द झाली."

"कोणी केली?"

नॉर्मंडने पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग भिंतीशी उभ्या असलेल्या लोकांकडे. कोणीही त्याच्या नजरेला नजर दिली नाही. तीस वर्षं आगीत शिरलेल्या त्या माणसाने शेवटी टेबलाकडे पाहत उत्तर दिलं.

"आम्ही."

अल्डोनाचं पेन थांबलं.

"'आम्ही' असं लिहिता येत नाही," ती म्हणाली. "नावं सांग."

  मग मान खाली घालून तिने पहिलं नाव लिहिलं, कोणालाही न विचारता, मटुलिस, अल्डोना, आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवून पुन्हा वर पाहिलं.