यजमानाला नावं ठेवायची नाहीत

वसुधाकाकूंचा एक नियम अमेरिकेतल्या आयसेलिन गावातल्या सगळ्या मराठी मंडळींनी मुकाट्याने सोसला होता: ज्याच्या घरचं खाल्लं, त्याला नावं ठेवायची नाहीत. आमटी खारट असो की भात कच्चा, "छान झालंय, पोट भरलं" एवढंच म्हणायचं.

पंच्याऐंशी साली त्यांच्या बेसमेंटमध्ये नूर आलम राहायला आला. ब्रह्मदेशातला रोहिंग्या. गावातून हुसकावून लावल्यावर बांगलादेशातल्या छावणीत, मग जहाजावर नोकरीला, आणि जहाज न्यूअर्कला लागलं तसा हा पठ्ठ्या उतरला तो परत चढलाच नाही. ओक ट्री रोडवरच्या दुकानात पोती उचलताना काकूंना दिसला, त्यांनी थेट घरीच आणला. "मुसलमान आहे हो," म्हणणाऱ्यांना काकू म्हणाल्या, "मग? जेवत नाही का तो?"

सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत त्याने एकदा छावणीचं सांगितलं. लोकांनी कंटाळून परत जावं म्हणून रेशन कमी कमी होत गेलं, आणि त्याची धाकटी मुलगी तिथेच भुकेने गेली. काकू ढसाढसा रडल्या आणि त्याच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या.

आता त्याला अमेरिकेचा आसरा हवा होता, नाहीतर परत पाठवणार होते. मुलाखतीला दुभाष्या आपला आपण न्यायचा. काकूंना इंग्रजी येतं, हिंदी येतं, मग दुसरं कोण हवं? तयारीही त्यांनीच करून घेतली. सरकार म्हणजे यजमान, त्यांनी बजावलं. एका यजमानाची चुगली दुसऱ्याकडे केली, तर त्याला वाटणार, उद्या हा माझीही करेल.

"आई, धिस इज नॉट अ डिनर पार्टी," कॉलेजातली सुनेत्रा म्हणाली.

"तू गप बस गं."

अधिकारी मोठा सभ्य माणूस. त्याने विचारलं, छावणीत पुरेसं खायला मिळायचं का? नूरने काकूंकडे पाहिलं. काहीतरी त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. काकूंनी डोळ्यांनीच दटावलं.

"मिलता था," तो म्हणाला. "पेट भर जाता था. उनकी मेहरबानी."

काकूंनी त्याचं असं गोड इंग्रजी केलं, की अधिकारी लिहिता लिहिता प्रसन्न हसला. बाहेर आल्यावर त्यांनी नूरची पाठ थोपटली.

पुढच्या महिन्यात नकार आला. इतक्या उदार देशाने आसरा देऊन पोटभर अन्न दिलं असताना अर्जदाराला तिथे धोका असल्याचं दिसत नाही, त्याने तिकडेच जावं. अमेरिकेनेही बांगलादेशाला नावं ठेवली नव्हती. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी त्यांनी नूरचं ताट वाढलं. याने आपल्यावर ओरडावं, ताट भिरकावून द्यावं, असं त्यांना फार वाटत होतं. नूरने एक पोळी खाल्ली आणि हात आखडला.

"और दूँ, बेटा?"

"नहीं, काकी. पेट भर गया."

आयुष्यात पहिल्यांदाच काकूंचा त्या शब्दांवर विश्वास बसला नाही. "सच बोल," त्या म्हणाल्या.

नूरने त्यांच्याकडे पाहिलं, अधिकाऱ्यासमोर पाहिलं होतं अगदी तसंच.

"बहुत अच्छा था, काकी," तो म्हणाला.