खुर्चीतलं गिऱ्हाईक

रणजीतदादांच्या वडिलांचं चिखलीत लेथचं वर्कशॉप होतं. तिथं गिऱ्हाईक कारागिराच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि काम हातात पडल्यावरच उठायचं. वर्कशॉप मोडून दादांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली. खुर्ची तेवढी ठेवली. ती आता प्रोग्राम लिहिणाऱ्या तनुजाच्या टेबलाशी होती, आणि जो तीत बसेल त्याचं काम आधी, हा दादांचा कायदा.

त्या दिवशी तनुजाला एकच काम संपवायचं होतं. चाकणच्या एका कारखान्यात दादांच्या सॉफ्टवेअरमधून पावतीवर गाड्यांचं वजन चुकीचं छापलं जात होतं. तिथला माल रवाना करणारा डिस्पॅचवाला कुलदीप काकुळतीला आला होता, "ताई, संध्याकाळच्या लोडिंगआधी करा. पुन्हा गाडी अडली तर माझी नोकरी जाईल."

सकाळभर खपून चूक सापडली. दुरुस्ती अर्धी लिहून झाली, तोच खुर्ची करकरली. भोसरीचे गणराजशेठ.

"जरासं काम हाय गं," दादा चहा घेऊन आले. "बिलावरचा लोगो मोठा करायचाय त्यांना."

"दादा, मी चाकणच्या कामाच्या मध्यात आहे. आत्ता उठले तर डोक्यात जुळवलेलं सगळं विस्कटेल."

"उठायला कोण सांगतंय? बसूनच कर की!"

शेठना लोगो आधी मोठा हवा होता, मग लहान, मग पुन्हा जरासा मोठा. तनुजाला त्या लोगोची, चहाच्या फुरक्यांची, स्वतःच्या 'हो शेठ'ची किळस आली. एकदाचं संपावं म्हणून तिनं बदल पाठवून दिला. पण सगळ्या गिऱ्हाइकांना प्रोग्राम एकच जायचा. लोगोसोबत चाकणची अर्धवट दुरुस्तीही गेली.

चाकणला प्रत्येक पावतीवर वजन शून्य! गेटवर गाड्या तुंबल्या. कारखान्याच्या मॅनेजरचा फोन दादांनी स्पीकरवर घेतला.

"साहेब, आमचं सॉफ्टवेअर एकदम ओके," दादांचा आवाज मधाळ झाला. "तुमच्या त्या कुलदीपनंच काहीतरी उलटसुलट दाबलं असणार."

तनुजानं कीबोर्ड बाजूला सारला.

"कुलदीपनं काही केलेलं नाही, साहेब," ती फोनवर वाकून म्हणाली. "चूक इथून झालीय, माझ्या हातून. वजनकाट्यावरचा आकडा बरोबर आहे. तो हातानं लिहून गाड्या सोडा."

फोन बंद झाला.

"घालवलंस ना गिऱ्हाईक? तुझं काय जातंय!"

"आणि कुलदीपची नोकरी गेली असती, दादा, तर ती कुणाच्या नावे मांडली असती?"

गणराजशेठनी उरलेला चहा बशीत ओतला.

"तुमचं चालू द्या, ताई. तेवढा लोगोखाली माझा फोन नंबर टाका."

तनुजानं त्यांच्याकडं पाठ केली आणि चाकणची दुरुस्ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.